कुणाच्या शब्दाला

बशीची कड निळी होती आणि एका जागी टवका उडालेला... टवका उडाला तो दिवसदेखील कौसल्याला आठवत होता, कारण बशी तिची होती. सहांच्या संचातली. पाच अजून डिलाईल रोडच्या खोलीत फळीवर पालथ्या आहेत आणि सहावी ही इथे, खोताच्या वाडीत, सुनेच्या घरात, अभयच्या फोटोपुढे — आणि तिच्यात मेणबत्ती. मेण ओघळून कडेपर्यंत आलं होतं. अभयनेच आणली असणार. लग्न करून इकडे सासऱ्यांकडे राहायला आल्यावर तो असंच काहीबाही उचलून आणायचा, आजीचा अडकित्ता, लोणच्याची लहान बरणी. 'आई, नेऊ गं?' असं विचारायचा तरी. बशीचं विचारलं नव्हतं. आता मेलेल्या माणसाला काय विचारणार, आणि सुनेला विचारावं तर म्हणेल, एका बशीत म्हातारीचा जीव अडकलाय. अडकलाच होता, खोटं कशाला बोला.

मांडीवरच्या पिशवीत शेवंतीचा हार होता, खाली डब्यात वडे. हार अजून बाहेर काढला नव्हता. इथे फोटोला हार घालत नाहीत. घातला तर कोणी नको म्हणणार नाही, आणि कोणी नको म्हणणार नाही हेच तिला सोसवत नसे. आज अभयला जाऊन पाच वर्षं झाली — तारखेने. तारीख ज्युडिथची. तिथी कौसल्याची, ती आठवड्यापूर्वीच होऊन गेली. एका माणसाला मरणाचे दोन दिवस, एक आईचा, एक बायकोचा... आणि आईच्या दिवशी काय झालं, तर गॅलरीत पान ठेवून ती दुपारपर्यंत उभी राहिली आणि कावळा फिरकला नाही. कबुतरं आली. समोर गिरणी होती तेव्हा तिच्या पत्र्यावर कावळेच कावळे असायचे, आता तिथे काचेचा टॉवर आणि जिकडेतिकडे कबुतरं. शेजारची प्रिती म्हणाली, काकी, हल्ली कुणाकडेच शिवत नाही, कबुतरांनी खाल्लं तरी चालतं. कसं चालेल? कबुतराला काय कळतं. अभय नाराज होता, दुसरं काय, आणि का नाराज होता हे कौसल्याला पक्कं ठाऊक होतं. तिने त्याला दिलेला शब्द अजून पुरा झाला नव्हता.

शब्द बाणगंगेवर दिलेला, दहाव्याला. पिंड ठेवला होता, तळ्याच्या भिंतीवर कावळे ओळीने बसले होते आणि एक म्हणून खाली येत नव्हता. दौलतभाऊजी हात जोडून पुढे झाले — नवरा आधीच गेलेला, तेव्हा करणारे तेच — म्हणाले, "अभया, तुझ्या बायलेक आम्ही अंतर देवचव नाय." कावळे तसेच. ऊन चढत चाललं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा कौसल्या उठली, पिंडापाशी गेली आणि एरवी मुलांशी बोलताना जी भाषा तिने कधीच सोडून दिली होती त्या गावच्या भाषेत पुटपुटली, "बाबू, ज्येना तुका मारल्यान तो फासार चडल्याशिवाय मी गप रवचंय नाय." आणि भिंतीवरून एक उतरला. सरळ. पिंडाला शिवला.

तेव्हापासून तिच्यापाशी एक गोष्ट होती जी दुसऱ्या कोणापाशी नव्हती. बाकी सगळं वाटून घ्यावं लागलं होतं. मुलगा लग्नातच अर्धा गेला, उरलेला अर्धा दर रविवारी येऊन जेवून जायचा, कपडे इथे, पुस्तकं इथे, फोटो इथे, विम्याच्या कागदावर नाव हिचं. पण अभय शेवटचं जे बोलला ते आईशी बोलला. ही ठेव तिची एकटीची. चाळीत ज्याने विचारलं त्याला तिने सांगितलं, न विचारलं त्यालाही सांगितलं.

ठाकुरद्वारला सोन्याच्या दागिन्यांचा एक कारखाना होता, अभय तिथे हिशेब बघायचा. कामावरून काढलेला कारागीर, राजेश त्याचं नाव, भरदुपारी आत शिरला आणि मालक, मालकाची म्हातारी आई आणि अभय — तिघांना मारून सोनं घेऊन गेला. अभय त्या दिवशी सुट्टीवर असणार होता. हे वाक्य कौसल्याने इतक्यांदा मनात म्हटलं होतं की आता त्याचा अर्थ झिजून गेला होता... खालच्या कोर्टाने फाशी दिली. त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. तिनेही एक तोंडात टाकला, लागला गोड, मग घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायली तरी घसा कोरडाच. फाशी हायकोर्टात कायम व्हावी लागते म्हणे. खटला तिथे पडून होता.

आणि मग पेपरात ज्युडिथ आली. *नवऱ्याच्या मारेकऱ्याला माफ करणारी.* ह्याच खोलीत काढलेला फोटो, खिडकीतून उजेड, गळ्यात बारीक क्रॉस. प्रितीने कापून आणून दाखवला, काकी, तुमची सून, काय मन आहे हो. कौसल्या हो म्हणाली. पाच वर्षं ती रडली होती, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, गुडघे गेले होते, त्याचं कोणाला काय. आई रडणारच, त्यात बातमी कसली. ही एकदा डोळे मिटून माफ म्हणाली आणि अभयचं मरणसुद्धा हिच्या नावावर झालं. हा मत्सर आहे कौसल्ये, तिने आरशापुढे वेणी घालताना स्वतःला सांगितलं होतं, सुनेचा मत्सर, तोही मेलेल्या मुलावरून... सांगून काही उपयोग झाला नाही. कळतं पण वळत नाही, तसं.

सकाळी चर्चमध्ये तेच. तिला समजावी म्हणून ज्युडिथने मुद्दाम मराठीतली मिस्सा, त्यांची प्रार्थना, सांगितली होती. कौसल्या पुढच्याच बाकावर बसली, पदर सावरून, आणि फादरनी अभयचं नाव घेतलं तेव्हा तिला बरं वाटलं, एवढ्या मोठ्या छताखाली आपल्या मुलाचं नाव. आणि त्याच दमात — मध्ये श्वाससुद्धा न घेता — "राजेशसाठी, त्याच्या आईसाठी, प्रार्थना करू या." सगळे करू लागले. अभयच्या नावाला जो सूर तोच राजेशच्या नावाला. तिने मान वर केली ती थेट समोरच्या क्रॉसवर गेली. ह्यांचा देवही शिक्षा झालेलाच की. सरकारने, रीतसर, खिळे ठोकून. खाली त्याची आई उभी... तिला निदान तिथवर जाऊ दिलं, आणि उतरवल्यावर मांडीवर दिला, उघडा, धुवायला. कौसल्याला मिळालेलं गाठोडं बांधलेलं होतं आणि दौलतभाऊजी म्हणाले होते, वहिनी, सोडू नका. देवाच्या आईचाही हेवा करायची वेळ आली, हे मनात येऊन ती तिथल्या तिथे शरमली आणि तरी हेवा गेला नाही.

"आई, चहा. साखर कमीच घातलीय."

ज्युडिथ समोरच्या स्टुलावर बसली. चाळिशीला आलेली बाई, शाळेत शिकवते, केस पुढून पांढरे झालेत ते रंगवत नाही. पलीकडे आरामखुर्चीत तिचे वडील, बेनीअंकल, डोळे मिटून, पण झोपलेले नव्हेत.

"सोमवारी मी हायकोर्टात जातेय," ती म्हणाली. "राजेशच्या वकिलांनी विचारलं होतं. मी सांगणार आहे, फाशी नको. जन्मभर आत ठेवा, बाहेर सोडू नका, पण फाशी नको. कोर्ट ऐकेल, न ऐकेल. तुम्हाला दुसरीकडून कळू नये म्हणून बोलावलं."

कपातल्या चहावर साय धरायला लागली होती. कौसल्याने ती बोटाने बाजूला केली.

"मला विचारलंस?" बेनीअंकल डोळे न उघडता म्हणाले. "विहीणबाई, मी हिच्या बाजूचा नाही बरं का. माणसाचं रक्त सांडणाऱ्याचं रक्त माणसानेच सांडावं, असं आमच्या शास्त्रातच आहे. सरकारच्या हातात तलवार देवानेच दिली, हे मी हाफपँटीत असताना शिकलो. आता रोमहून नवीन शिकवण आली, फाशी नकोच म्हणून. मी जुना माणूस."

"पापा, पहिला खून झाला तेव्हा देवाने काय केलं? भावाने भावाला मारलं होतं. देवाने त्याच्यावर खूण केली, ह्याला कोणी हात लावायचा नाही म्हणून."

"देवाचं सोड. देवाचा जावई नव्हता गेला."

"मुलगा गेला होता," ज्युडिथ म्हणाली.

कौसल्याला वाटलं, काय पण पटकन बोलते ही, शाळामास्तरीण... आणि मग तिच्याच तोंडून आलं, तिला नको होतं तेवढ्या मोठ्याने, "मुलगा माझा गेला."

"हो आई."

"तुला माफ करणं सोपं आहे. तुमच्यात शिकवतातच ते. लहानपणापासून सवय असते."

"सोपं?" ज्युडिथ हसली, कुत्सित नाही, दमल्यासारखी. "माफ केलं हे पेपरवाल्याने लिहिलं. मी म्हटलं होतं, करायचा प्रयत्न करते. सकाळी उठून करते, दुपारपर्यंत टिकतं, मग स्टाफरूममध्ये कोणीतरी नवऱ्याचा फोन आला म्हणून उठते आणि उतरतं. दुसऱ्या दिवशी परत. तो मेला तर बरं होईल असं वाटणारी मीसुद्धा आत आहेच. म्हणून तर जाऊन सांगून टाकायचंय, त्या आतलीने काही करायच्या आत."

हे पेपरात नव्हतं. कौसल्याला क्षणभर तिची कीव आली, आणि लगेच राग, की कीवसुद्धा हिनेच मिळवावी.

"आणि त्याची आई," ज्युडिथ म्हणाली, "गंगुबाई. ती येते कधीकधी. पुण्याला तुरुंगात त्याला भेटून आली की इथून होऊन जाते. तुम्ही बसलाय तिथेच बसते. मागच्या वेळी सांगत होती, फार वाळलाय."

कौसल्या खुर्चीत किंचित सरकली. ह्या खुर्चीत. कदाचित ह्याच कपातून. जाळीपलीकडे का होईना तो आहे, तिला आई म्हणतो, वाळतो. तिचा मुलगा अजून वाळतो तरी... माझा फोटोत आहे तेवढाच, गालावर तेवढंच मांस, पाच वर्षांत ना वाळला ना सुटला. त्या बाईला एकदाच पाहिलं होतं पोलीस ठाण्यात, दहाव्याच्या आदल्या दिवशी. एकाच बाकावर दोघी, दोन टोकांना, आणि कौसल्याने पदर आवरून घेतला होता, तिच्या लुगड्याला लागू नये म्हणून.

"तुला एक ठाऊक नाही," कौसल्या म्हणाली. कप खाली ठेवला. हे तिने सुनेला सरळ असं कधी सांगितलं नव्हतं, हिच्यासाठी राखून ठेवल्यासारखं होतं. "तू कोर्टात काय सांगायचं ते सांग. पण अभयला काय हवंय ते मला माहीत आहे. बाणगंगेवर मी त्याला शब्द दिला, ह्याला फासावर चढवीन म्हणून, तेव्हा कावळा शिवला. तोवर शिवत नव्हता. तू होतीस तिथे, पाहिलंस. आता त्याच्याविरुद्ध तू बोलणार?"

मेणबत्तीची वात वाकडी झाली होती ती ज्युडिथने नखाने सरळ केली. बेनीअंकलनी डोळे उघडले, मुलीकडे पाहिलं, परत मिटले. म्हणजे ह्यालाही काहीतरी ठाऊक होतं.

"काय?" कौसल्या म्हणाली.

"जाऊ दे आई."

"सांग."

"मला तिथलं काहीच माहीत नव्हतं. मी मागे पायरीवर उभी होते. दौलतकाका वळून म्हणाले, पोरी, तूही बोल त्याच्याशी, मनातल्या मनात बोललीस तरी पोचतं. तुम्ही तेव्हा उठून पुढे जात होता. मला काय बोलावं सुचेना. आदल्या दिवशी ती बाई बाकावर बसलेली पाहिली होती ना, एका पायात चप्पल नव्हती, तीच डोळ्यांपुढे. मी म्हटलं, अभय, त्या बाईचा मुलगा तिला राहू दे. एवढंच. डोळे उघडले तर कावळा पिंडावर."

खालून कोणाची तरी स्कूटर वाडीतून गेली. आवाज लाकडी जिन्यातून वर आला आणि विरला.

"पाच वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता, तुमच्या शब्दाला शिवला म्हणून. तेवढंच होतं तुमच्यापाशी. मी कशाला काढून घेऊ?"

म्हणजे तीही ठेव हिनेच दिलेली. दया करून. कौसल्याच्या कानशिलात गरम झालं. इतकी वर्षं मी मिरवत होते आणि ही मागे उभी राहून, बरं आहे, असू दे म्हाताऱ्या बाईला... त्यापेक्षा भांडली असती तर काय बिघडलं असतं. भांडली असती तर निदान दोघींचं एकच दुखणं झालं असतं.

पण कुणाच्या? हा प्रश्न तापलेल्या कानांच्या मागून सावकाश वर आला. माझ्या शब्दाला की हिच्या? मी मोठ्याने बोलले. पण भाऊजी म्हणाले मनातलंही पोचतं. मी आई आहे. पण तो सगळं आधी हिला सांगायचा. नोकरी लागली ती हिला आधी कळली, लग्न ठरलं तेही, म्हणजे ते कळणारच, पण ताप आला तरी हिला आधी... कावळ्याला कोण आधी ऐकू आलं असेल? ती मुलाकडे वळली, म्हणजे मनातल्या मुलाकडे, त्याला काय हवं असतं ते आठवायला. आणि आठवलं ते भलतंच. गणपतीतली लालबागची गर्दी, कुणीतरी पाकीटमार पकडला, पोरांनी त्याला बडवला, अभय त्यांच्यात. लग्नाच्या आधीच्या वर्षीचं. घरी आला तो मोरीत बसून हात धूत राहिला. नळ बंद करायला ती गेली तर म्हणाला, राहू दे गं. जेवला नाही. का जेवला नाही ते तिने विचारलं नाही, थकला असेल म्हणून पान झाकून ठेवलं. पश्चात्ताप होता की आणखी दोन मारायच्या राहिल्या म्हणून हळहळ, हे त्या पाठीवरून कळत नव्हतं. शर्ट ओला झाला होता. एवढंच दिसतं अजून, ओली पाठ.

"लालबागला त्याने एकदा पाकीटमाराला मारलं होतं," ती म्हणाली. "तुला बोलला होता कधी?"

"हो."

बोलला होता. अर्थात. काय बोलला, हे पुढे विचारायचं फक्त राहिलं होतं, एक वाक्य, आणि ज्युडिथ सांगायला तयार बसली होती, तिचे ओठ हललेसुद्धा.

"नको," कौसल्या म्हणाली. "नको सांगूस."

काहीतरी करायला हवं म्हणून तिने पिशवीतून डबा काढून पुढे केला. ज्युडिथने तो उघडला, वरचा वडा घेऊन झाकणावर ठेवला आणि व्हरांड्याच्या लाकडी कठड्यावर नेऊन ठेवला. सहज, रोजचं काम असावं तसं.

"हे काय?"

"मला तुमचं नीट येत नाही आई. पण त्याला वडे आवडायचे. दर वर्षी काहीतरी ठेवते."

"येतो?"

"येतो की. इथे झाडं आहेत ना."

कौसल्या उठून व्हरांड्यात आली. गुडघा कुरकुरला. समोरच्या कौलांवर, पलीकडच्या अंगणातला आंबा कौलांना टेकला होता तिथे, एक होता. मान तिरकी करून बघत होता. मग उडाला आणि कठड्याच्या टोकाला येऊन बसला, तिच्यापासून दोन हातांवर. चोच काळी, चकचकीत, गळ्याशी राखाडी. एक उडी मारली की वडा.

आता बोलायचं. पाच वर्षं हेच हवं होतं, एक कावळा आणि पुढ्यात पान. शब्द तर जिभेवर आहेतच. *ज्येना तुका मारल्यान...* ती मनात तिथवर आली, आणि तिने शेजारी उभ्या ज्युडिथकडे तिरकं पाहिलं. ओठ मिटलेले होते. पण मनातलंही पोचतं. ही आत्ता आत काय म्हणत असेल? की काही म्हणतच नसेल, नुसती वडा ठेवून उभी असेल, आणि तो नुसत्या वड्यासाठीच येत असेल दर वर्षी, न मागता, न काही कबूल करून घेता... मी बोलले आणि शिवला तर सोमवारी हिच्याविरुद्ध उभं राहायचं. मी बोलले आणि उडून गेला तर? तर मग बाणगंगेवर मी कोणाशी बोलले? पोलीस ठाण्यात ती स्वतः बाकाच्या ह्या टोकाला बसली होती, पदर आवरून, आणि त्या टोकाला एक अनवाणी पाऊल होतं, फरशीवर बोटं मुडपून घेतलेलं, थंडी वाजल्यासारखं. ते तिनेही पाहिलं होतं. ज्युडिथच्याही आधी पाहिलं होतं.

कावळ्याने उडी मारली. चोच वड्यावर आली.

"हाड," कौसल्या म्हणाली आणि हात उगारला.

तो फडफडून उठला. झाकण कठड्यावर गिरकी घेऊन थांबलं. ज्युडिथने चमकून तिच्याकडे पाहिलं, आतून बेनीअंकलची खुर्ची करकरली.

"आज तिथी नाही," कौसल्या म्हणाली.

कावळा फार लांब गेला नव्हता, समोरच्या कौलांवरच बसला होता, मान तिरकी करून, वड्याकडे की तिच्याकडे कळत नव्हतं. थोड्या वेळाने परत येणार होता. तिचा हात अजून वरच होता, खाली घ्यायचा राहून गेला होता. आणि तो परत आला तर त्याला काय सांगायचं, हे पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला ठाऊक नव्हतं.